40 हजारांत पहिली दुनळी

मराठा लाइट इन्फन्ट्रीत 17 वर्षे काढल्यानंतर आणि त्यांतील बहुतेक काळ इन्सास रायफल अंगाखांद्यावर वागवल्यानंतर स्वतःची बंदूक निवडणे मला मुळीच अवघड जाणार नाही, असे माझ्यासह घरातील सगळ्यांनीच गृहीत धरले होते. प्रत्यक्षात साताऱ्यातील पहिल्याच दुकानात मी विचारलेले दोन्ही प्रश्न चुकीचे निघाले. किती मीटरवर अचूक लागते, हा पहिला प्रश्न होता आणि नेम धरायला मागची मक्खी कुठे आहे, हा दुसरा. दुकानदारांनी बंदूक माझ्या हातातून हळूच परत घेतली आणि म्हणाले, "मेजर, ही छऱ्याची बंदूक आहे. हिला मागची मक्खी नसते." मी हवालदार म्हणून निवृत्त झालो आहे, परंतु आमच्या जिल्ह्यात फौजेतून परतलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळे ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत मी पडलो नाही.

आमची वस्ती कोरेगाव तालुक्यात, गावठाणापासून दीड किलोमीटरवर आहे. तीन घरे, मधे ऊस, खालच्या अंगाला आल्याचे वावर, आणि रात्री लाइट गेली की हाक ऐकू येईल असे दुसरे कोणी नाही. लगतच्या वस्तीवर एका रात्री दरोडा पडला आणि म्हाताऱ्या जोडप्याला बांधून ठेवून घर धुऊन नेले, तेव्हा मी परवान्याचा अर्ज करण्याचे ठरवले. गावात ही बातमी पसरल्यावर निम्म्या लोकांनी "आता रानडुकरांचा बंदोबस्त होईल" असा अर्थ काढला. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मधला आहे आणि पीक खाणाऱ्या डुकरावरही वनखात्याच्या परवानगीवाचून बार टाकता येत नाही, हे मला चावडीवर किमान दहा वेळा सांगावे लागले असेल.

परवान्याच्या खटपटीबद्दल फार लिहीत नाही. ऑनलाइन भरलेला अ-1 नमुन्यातील अर्ज, पोलीस ठाण्याची चौकशी, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी आणि जिल्हाधिकारी कार्यालयातील फेऱ्या, अशा वाटेने तो सुमारे दहा महिन्यांत हाती आला. मात्र एक बाब अर्ज करण्यापूर्वीच समजून घेतली, हे बरे झाले. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 13 मध्ये संरक्षणासाठी किंवा खेळासाठी मागितलेल्या, आतून गुळगुळीत आणि किमान 20 इंच लांब नळीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला त्यासाठी सबळ कारण पटवून द्यावे लागते, तर अशी गुळगुळीत नळीची बाराबोर मागणाऱ्याची वाट त्या मानाने सरळ असते. पाटण तालुक्यातील माझ्या मावसभावाची वाट मात्र तितकी सरळ नव्हती. अभयारण्याच्या 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला नवा परवाना द्यायचा झाल्यास मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते आणि त्याचे घर कोयना अभयारण्याच्या जवळ आहे. त्याचा अर्ज त्या टेबलावर जाऊन बसला, माझा पुढे सरकला.

माझ्याजवळ 40 हजार रुपये होते. ही सगळी रक्कम बंदुकीची, अशी माझी सुरुवातीची समजूत होती आणि ती मोडायला दोन महिने लागले. लोखंडी कपाट, ते भिंतीत पक्के बसवण्याचा खर्च, मिस्त्रीची मजुरी, काडतुसे, सरावाच्या मैदानाचे शुल्क आणि तिथवरचे एसटीचे भाडे यांतील काहीही मी धरले नव्हते. पुढे हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की बंदुकीवर 25 हजारांच्या वर गेलो तर सराव करता येणार नाही, आणि सराव नसलेल्या माणसाच्या घरात बंदूक असण्यापेक्षा चांगला कुत्रा असलेला बरा.

बाराबोर म्हणजे काय, हेही मला याच काळात नीट कळले. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या 12 गोळ्या केल्या तर त्यांतील एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअरची नळी, आणि तिचा आतील व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक होते, जे रायफलवाल्याच्या सवयीच्या अगदी उलट आहे.

दुकानात तीन प्रकारचा माल होता. सर्वांत स्वस्त होती ती नवी एकनळी, बाहेर घोडा असलेली, बिहारमधील मुंगेरच्या लहान कारखान्यातली. ती घेतली असती तर निम्मे पैसे शिल्लक राहिले असते. वजनाने ती इतकी हलकी होती की मला आधी तेच आवडले, परंतु त्याच दुकानात बसलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझे कान टोचले. काडतूस तेच असताना बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का खांद्याला अधिक बसतो, आणि धक्क्याची धास्ती घेतलेला माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो. शिवाय एक बार निघाला की पुढचे काडतूस भरेपर्यंत हातात काठीच उरते. भुईमुगाची राखण करताना नुसता आवाज काढायचा असेल तर ती पुरे आहे, असे त्यांचे मत पडले आणि मला ते पटले.

दुसरी होती आयुध कारखान्याची पंप अॅक्शन. खरे सांगायचे तर माझे मन तिच्यावर गेले होते, कारण पुढचा हात मागेपुढे करून काडतूस चढवण्याची ती क्रिया फौजी माणसाला आपली वाटते. पण ती माझ्या मर्यादेच्या बरीच वर होती. मर्यादेत असती तरी मी ती घेतली नसती, असे आता वाटते. घाईत हात पुरता मागे आला नाही तर काडतूस अडकते, आणि ही घाई रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातून होणारच. दुसरी अडचण घरातली आहे. माझी आई, बायको आणि दोन मुली यांपैकी कोणालाही ती भरलेली आहे की रिकामी, हे बघून सांगता आले नसते. दुनळीचे तसे नाही. कळ दाबून ती बिजागरीवर मोडली, म्हणजे उघडली, की दोन भोके समोर येतात, पलीकडचा उजेड दिसतो किंवा पितळ दिसते. शाळेत जाणाऱ्या मुलीलाही लांबून कळते.

तिसरी बंदूक होती ती मोहात पाडणारी. कुठल्याशा संस्थानी घराण्यातून बाहेर पडलेली जुनी इंग्रजी दुनळी, बाजूंच्या पत्र्यांवर बारीक वेलबुट्टी, अक्रोडाचा दस्ता पिढ्यान्पिढ्या हात फिरून चकाकलेला. सांगली, जत, औंध, फलटण अशी संस्थाने ज्या मुलखात होती तिथे अशा बंदुका अजून फिरत असतात. सामान्य नागरिकाला परदेशी बंदूक आयात करता येत नसल्याने विलायती नावाला अजूनही भाव आहे, आणि दुकानदारांनी 32 हजार सांगून वर "माजी सैनिक म्हणून 30 ला देतो" अशी पुस्ती जोडली. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. बायकोने फोनवर एवढेच विचारले, "म्हैस घेतानासुद्धा तुम्ही डॉक्टरला दाखवता ना?" म्हणून मग मिरजेच्या मिस्त्रींचा शोध घेतला.

मिरज तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे, हे सर्वांना ठाऊक असते. ती वाद्ये करणारी घराणी मुळात शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या आणि ती दुरुस्त करणाऱ्या कारागिरांची होती आणि एकोणिसाव्या शतकात ती वाद्यांकडे वळली, हे मात्र मला ठाऊक नव्हते. ज्या मिस्त्रींकडे मी गेलो त्यांचा त्या घराण्यांशी संबंध आहे की नाही, हे मी विचारले नाही, पण त्यांची परीक्षा करण्याची पद्धत पाहताना मला तेच आठवत राहिले. दुकानदारांनी बंदूक तपासणीसाठी आपल्या माणसाबरोबर पाठवली होती. मिस्त्रींनी पुढचे लाकूड काढले, जोडनळ्या दस्त्यापासून वेगळ्या केल्या, त्या खालच्या आकड्याला सुतळी बांधून टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारली. आवाज फुटक्या घागरीसारखा आला. "ऐकलंत? दोन नळ्यांच्या मधली पट्टी सुटली आहे. झाळ गेली की आत पाणी धरतं आणि गंज बाहेरून दिसत नाही." त्यांनी शेजारची दुसऱ्या कोणाची नळी टांगून टिचकी मारली, तेव्हा देवळातल्या लहान घंटेसारखा नाद बराच वेळ घुमत राहिला.

त्यानंतरचा अर्धा तास माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा होता. पुढचे लाकूड काढलेल्या अवस्थेत नळ्या परत बसवून त्यांनी बंदूक दस्त्याला धरून हलवली, तर बिजागरीपाशी खुळखुळ जाणवली, म्हणजे नळीचे बूड मागच्या पोलादी तोंडावर घट्ट बसत नव्हते. खिडकीच्या आडव्या गजाकडे नळी रोखून आत पाहायला सांगितले, तेव्हा गजाची सावली नळीतून सरळ रेघेसारखी धावायला हवी होती, ती एका जागी वाकली. तिथे पोचा होता. नळ्यांच्या बुडाशी त्या पारखल्याचे बर्मिंगहॅमचे ठसे होते आणि घर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, अडीच इंचांचे असल्याचा आकडाही होता. "नायट्रो प्रूफ" हे शब्द मात्र कुठे दिसले नाहीत, म्हणजे ही नळी काळ्या दारूच्या दाबावर पारखलेली होती, आजच्या धूरविरहित दारूच्या नव्हे.

घराच्या लांबीचा मुद्दा मला इतका महत्त्वाचा वाटला की तो थोडा सविस्तर लिहितो. काडतुसावर लिहिलेली 65 किंवा 70 मिलिमीटर ही लांबी ते उडाल्यानंतरची, म्हणजे दुमडलेले तोंड उघडल्यानंतरची असते. न उडालेले 70 चे काडतूस त्यामुळे 65 च्या, म्हणजे अडीच इंची घरात सहज बसते, बंदूकही व्यवस्थित मिटते, आणि भरणाऱ्याला काहीच चुकल्यासारखे वाटत नाही. बार होताना मात्र उघडणाऱ्या तोंडाला जागा मिळत नाही, ते नळीच्या निमुळत्या भागात शिरते आणि दाब वाढतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची बाराबोरची काडतुसे दोन्ही लांबींत मिळतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा न वाचता ती भरणारा माणूस जुन्या बंदुकीशी कसला खेळ खेळत असतो, ते मला त्या दिवशी समजले.

शेवटी मिस्त्रींनी ती माझ्या खांद्याला लावायला सांगितली. माझी उंची पाच फूट चार इंच आहे आणि तो दस्ता कुणा उंच साहेबाच्या मापाने घडवलेला होता. तो माझ्या काखेत अडकला आणि गाल टेकवल्यावर नळीच्या टोकावरील नेमाच्या मण्याऐवजी मला डाव्या नळीची पाठ दिसली. रायफलीला माणूस स्वतःला जुळवून घेतो, कारण नेम धरायला वेळ असतो आणि दोन मक्ख्या असतात. छऱ्याच्या बंदुकीत मागची मक्खी म्हणजे बघणाऱ्याचा डोळाच, म्हणून दस्ता अंगाला बसला नाही तर नेमच बसत नाही. मिस्त्री म्हणाले, "डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. मणी समोर असेल तर बंदूक तुमची." साहेबांची बंदूक त्याच माणसाबरोबर परत गेली. तपासणीचे 500 रुपये गेले आणि 30 हजार वाचले.

पुढचे चार महिने मी काहीच घेतले नाही. मिस्त्रींनीच मग वाळवा तालुक्यातील एका तात्यांचा पत्ता दिला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढे, मुले पुण्यात नोकरीला. परवानाधारकाने सत्तरी गाठली की शस्त्र वारसाकडे सोपवण्याची नियमांत सोय आहे, परंतु सदनिकेत बंदूक नको म्हणून दोन्ही मुलांनी हात वर केले होते. तात्यांची दुनळी भारतीय आयुध कारखान्याची, बाहेर घोडा नसलेली, दोन चापांची होती. वेलबुट्टी नाही, चमक नाही, दस्त्यावर बैलगाडीच्या साठ्याला घासल्याची एक लांब खरवड, आणि नळ्यांवरचा निळा रंग जिथे हात धरतात तिथे गेलेला. मी गेलो तेव्हा ती घरी नव्हतीच. 2024 च्या लोकसभा निवडणुकीमुळे पोलीस ठाण्यात जमा होती आणि आचारसंहिता उठल्यावर जूनमध्ये तात्यांना परत मिळाली.

तात्यांनी स्वतः ती परवान्यासह मिरजेला आणली. नळी टांगली, टिचकी मारली, नाद घुमला. खुळखुळ नव्हती. घर 70 मिलिमीटरचे भरले. उजव्या नळीत तोंडापासून वीतभर आत गंजाचे बारीक टिपके होते, ते मिस्त्रींनी आरशाने दाखवले आणि वरवरचे असल्याचे सांगितले. डाव्या बाजूची स्प्रिंग मंदावली होती, ती बदलावी लागणार होती. मी डोळे मिटून बंदूक खांद्याला लावली आणि उघडले. मणी समोर होता, किंचित वर. दस्ता बोटभर लांब पडत होता, पण मागची रबरी गादी काढून पातळ बसवली की काम भागणार होते.

बार कसा पडतो, हे पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, असे मी ठरवले होते. ती माझ्या परवान्यावर चढलेली नसल्याने मी ती उडवणे बरोबर नव्हते, म्हणून नेमबाजीच्या एका मैदानावर रीतसर परवानगी घेऊन तात्यांनीच बार टाकले आणि मी कागद लावण्याचे काम केले. 40 यार्डांवर मोठा कागद, त्यावर बार, आणि मग छऱ्यांच्या दाट भागाभोवती 30 इंच व्यासाचे वर्तुळ, अशी ही पद्धत आहे. तोंडाशी पुरती आवळलेली, म्हणजे फुल चोकची नळी काडतुसातील सुमारे 70 टक्के छर्रे त्या वर्तुळात ठेवते, अर्ध्या चोकची सुमारे 60 टक्के आणि बिलकूल न आवळलेली सुमारे 40 टक्के. ते कागद गुंडाळून मी घरी आणले आणि रात्री आम्ही चौघे पेन्सिली घेऊन भोके मोजत बसलो. धाकटी दोनदा चुकली आणि दोन्ही वेळा तिने पहिल्यापासून सुरुवात केली. डाव्या नळीचे छर्रे उजव्यापेक्षा बरेच अधिक भरले, जे अपेक्षितच होते, कारण दुनळीत मागचा चाप डाव्या, अधिक आवळलेल्या नळीचा असतो. मला आकड्यापेक्षा एकसारखेपणा पाहायचा होता. कुठे तळहाताएवढी मोकळी जागा राहिली आहे का, हे शोधले, आणि ती उजव्या नळीच्या एकाच कागदावर एकाच कोपऱ्यात सापडली. गंजाच्या टिपक्यांचा तो परिणाम असावा, असा माझा तर्क आहे. मिस्त्रींना तो मान्य नाही, त्यांच्या मते काडतुसाचा दोष होता.

व्यवहार 24 हजारांना ठरला, पण लगेच झाला नाही. खासगी मालकाने आपले शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचे तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून किमान 45 दिवस थांबावे लागते. तात्यांनी जूनअखेरीस पत्र दिले, त्याची शिक्का मारलेली प्रत मला दिली, आणि आम्ही ऑगस्टच्या मध्यापर्यंत थांबलो. या काळात मी कपाट करून घेतले. तात्यांनी दर रविवारी फोन करून बंदुकीला तेल लावल्याचे कळवले, आणि असा तिसरा फोन आला तेव्हा मला जाणवले की ते बंदुकीची नव्हे, स्वतःचीच समजूत घालत आहेत. ऑगस्टमध्ये सांगलीत त्यांच्या परवान्यावरची नोंद कमी झाली, साताऱ्यात माझ्या परवान्यावर क्रमांक चढला. मिस्त्रींनी स्प्रिंग, गादी आणि साफसफाई यांचे मिळून अडीच हजार घेतले. कपाटाला सहा हजार लागले. उरलेल्यांतून काडतुसे आणि मैदानाचे शुल्क भागले, आणि 40 हजारांपैकी काही शेकडे शिल्लक राहिले.

पहिल्या सरावाच्या दिवशी मी 25 काडतुसे उडवली आणि त्यांतील पहिली पंधरा वाया गेली. एक डोळा मिटण्याची आणि श्वास रोखून चाप हळूहळू दाबण्याची 17 वर्षांची सवय हवेत उडवलेल्या मातीच्या तबकडीपुढे कामाची नाही, कारण नेम धरून होईपर्यंत तबकडी खाली पडलेली असते. दोन्ही डोळे उघडे ठेवून, नळी तबकडीबरोबर फिरवत ठेवून, न थांबता चाप ओढायचा असतो. प्रशिक्षक माझ्या मुलीच्या वयाचा होता. तो प्रत्येक बारानंतर शांतपणे म्हणायचा, "सर, परत थांबलात." सोळाव्या काडतुसाला पहिली तबकडी फुटली. दुसरी सवय मात्र कामाला आली. बंदूक मोडून, रिकामी करून, नळीचे तोंड जमिनीकडे ठेवूनच रेषेवरून मागे यायचे, हे मला कोणी सांगावे लागले नाही. बारीक छर्रा चाळीस मीटरच्या पुढे निरुपयोगी होतो, असे लोक सहज बोलतात. पण सहा नंबरचा बारीक छर्राही 200 मीटरपर्यंत जाऊन पडू शकतो आणि एलजीचा मोठा छर्रा त्याच्या कितीतरी पुढे जातो. आमच्या वस्तीची शेजारची दोन घरे त्या टप्प्यात येतात, म्हणून घरी मी कोणते काडतूस कोणत्या दिशेला कधीच वापरणार नाही, ते शेत पायांनी मोजून ठरवले आहे आणि बायकोलाही दाखवून ठेवले आहे.

बंदूक घरी येऊन दोन महिनेही झाले नव्हते, तेवढ्यात 15 ऑक्टोबरला विधानसभा निवडणूक जाहीर झाली आणि ठाण्यातून निरोप आला. तीन तुकड्यांत काढून, तेल लावून, खोळीत घालून मी ती मोटारसायकलवरून नेली. अंमलदारांनी क्रमांक पडताळून पावती लिहिली आणि दस्त्यावरच्या खरवडीकडे बोट दाखवून विचारले, "हे आधीचंच ना? नोंदवून ठेवतो, नाहीतर नंतर आमच्यावर येईल." मी म्हणालो, "आधीचंच. तात्यांच्या बैलगाडीचं आहे." त्यांनी ते शब्दशः पावतीवर लिहिले.